वेगवेगळ्या ब्रँडचे स्पीकर एकत्र लावताय? मग ॲलन ब्लमलाइनची गोष्ट माहीत हवी

माझ्या कॉम्प्युटरला जोडलेला ५.१ स्पीकर सेट मी कॉलेजात असताना घेतला होता. पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर. मागच्या पावसाळ्यात त्यातला पुढचा डावा स्पीकर गेला. सेट जुना, त्यामुळे तसा सुटा स्पीकर कुठे मिळेना. उमरेडमध्ये दोन-तीन दुकानं फिरलो, मग बस पकडून नागपूरला सीताबर्डीत गेलो आणि तिथून दुसऱ्याच ब्रँडचा, साधारण तेवढ्याच आकाराचा स्पीकर घेऊन आलो. वायर जोडली, आवाज आला, खूश झालो.

खुशी एका गाण्यापुरती टिकली. एरवी गायिकेचा आवाज बरोबर मॉनिटरच्या मधून यायचा, तो आता डावीकडे सरकून बसला होता. नवीन स्पीकरचा आवाज मोठा असेल म्हणून सेटिंगमध्ये जाऊन कमी केला. आवाज मधे आला, पण आता तो फाटल्यासारखा वाटायला लागला. स, श सारखी धारदार अक्षरं डावीकडून आणि आवाजाचा भरीवपणा उजवीकडून. सिनेमात बाइक डावीकडून उजवीकडे गेली तर अर्ध्या रस्त्यात तिचं इंजिन बदलल्यासारखं वाटे. मित्राचं म्हणणं होतं की आवाज येऊन राहिला नं बाप्पा, मग आणखी काय पाहिजे!

पण मला कळत नव्हतं की दोन्ही स्पीकर चांगले असून एकत्र वाईट का वाजतात. उत्तर शोधत शोधत मी १९३१ सालच्या एका पेटंटपर्यंत आणि ते लिहिणाऱ्या माणसापर्यंत पोचलो. त्याचं नाव ॲलन डाउअर ब्लमलाइन. आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो, त्याचा पाया घालणारा हा इंजिनिअर. त्याची गोष्ट वाचली आणि माझ्या टेबलावरचा घोळ आपोआप समजला. म्हणून आज थेट टिप्स न देता आधी त्याची गोष्ट सांगतो.

बेल दुरुस्त केली, बिल वडिलांना

ब्लमलाइनचा जन्म २९ जून १९०३ चा, लंडनचा. वडील मूळचे जर्मनीचे, पेशानं खाण इंजिनिअर. आमच्या उमरेडला कोळशाची खाण असल्यामुळे खाण इंजिनिअर म्हटलं की मला लगेच चेहरे आठवतात. त्यांच्या घरातलं पोरगं यंत्रं उघडून बघणारं निघालं तर नवल नाही. सात वर्षांचा असताना त्यानं घराच्या दाराची बेल दुरुस्त केली आणि वडिलांना रीतसर बिल दिलं, खाली स्वतःला इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणवून सही करून!

गंमत म्हणजे वाचनात हा मुलगा खूप मागे होता. बाराव्या वर्षापर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं, असं त्याची बहीण सांगायची. गणित मात्र पक्कं होतं. लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजातून तो पहिल्या वर्गात इंजिनिअर झाला.

१९२४ मध्ये त्याला टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. त्या काळी लांब पल्ल्याच्या टेलिफोन केबलमध्ये एक त्रास होता. एका जोडीतलं बोलणं शेजारच्या जोडीत ऐकू यायचं. याला क्रॉसटॉक म्हणतात. एका केबलमध्ये तारांच्या अनेक जोड्या असतात. जोडीतल्या दोन्ही तारा अगदी एकसारख्या असतील तर बाहेरून घुसलेला गोंगाट दोन्हीत सारखाच घुसतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होऊन जातो. दोन तारांत जरासा फरक असला की तेवढा गोंगाट शिल्लक राहतो.

ब्लमलाइननं हा फरक अतिशय बारकाईनं मोजणारं सर्किट बनवलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती शेवटपर्यंत कामाला येणार आहे. जोडी एकसारखी असेल, तरच तिच्यातल्या फरकाला अर्थ असतो. या माणसानं पुढे जे जे केलं त्यात हा विचार कुठे ना कुठे सापडतो.

सिनेमात बसून सुचलेली गोष्ट

१९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन या रेकॉर्ड कंपनीत आला. तेव्हा तबकडीवर आवाज कोरायचं तंत्र अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकचं होतं आणि त्यासाठी कंपनीला रॉयल्टी द्यावी लागे. ब्लमलाइननं आपल्या सहकाऱ्यांसोबत नवीन पद्धतीचं कोरणारं यंत्र तयार केलं आणि रॉयल्टीची कटकट मिटवली. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ईएमआय ही कंपनी बनली. मोबाइलच्या हप्त्यांचा ईएमआय नाही हं, हा रेकॉर्डवाला!

त्याच वर्षी तो होणाऱ्या बायकोसोबत, डोरीनसोबत, सिनेमा बघायला गेला. बोलपट नवे होते. आपल्याकडे सांगायचं तर १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला होता आणि पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. प्रभातमध्ये ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले सांभाळत. लंडन असो की कोल्हापूर, आवाजाचा ट्रॅक एकच असायचा. नट पडद्याच्या या टोकाला असो की त्या टोकाला, आवाज एकाच जागेवरून.

बाकी प्रेक्षकांना बोलणारं चित्र बघूनच नवल वाटत होतं. ब्लमलाइनला मात्र नट एकीकडे आणि त्याचा आवाज दुसरीकडे हे खटकलं. आवाज माणसाच्या मागे मागे चालायला पाहिजे आणि ते कसं करायचं ते आपल्याला सुचलंय, असं त्यानं डोरीनला सांगितलं.

१४ डिसेंबर १९३१ ला त्यानं पेटंटचा अर्ज केला. नंबर ३९४३२५. त्यात एकूण ७० दावे आहेत. दोन माइकनं रेकॉर्डिंग कसं करायचं, दोन्ही आवाज तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर कसे कोरायचे, दोन स्पीकरमधून ऐकणाऱ्याला दिशा कशी कळणार, सगळं एकाच कागदपत्रात. स्टिरिओ हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता, तो याला बायनॉरल, म्हणजे दोन कानांचं, असं म्हणायचा.

मधे स्पीकर नसताना आवाज मधून कसा येतो?

आता थोडं समजून घेऊ. डावीकडून कुणी हाक मारली तर आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांशाएवढा. शिवाय डोकं मधे येत असल्यामुळे उजव्या कानाला आवाज, खासकरून बारीक आवाज, थोडा कमी ऐकू येतो. एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा ठरवतो.

ब्लमलाइनची करामत अशी की दोन स्पीकरच्या आवाजात फक्त कमी-जास्तपणाचा फरक ठेवला तरी काम भागतं. कारण डावा कान फक्त डावा स्पीकर ऐकत नाही, दोन्ही कान दोन्ही स्पीकर ऐकतात. ते आवाज कानाशी मिसळतात आणि मेंदूला हवा तो फरक तयार होतो. दोन्ही स्पीकरमधून अगदी सारखा आवाज सोडला तर तो बरोबर मधून, जिथे स्पीकरच नाही तिथून, आल्यासारखा वाटतो. याला फँटम सेंटर म्हणतात. तुमच्या आवडत्या गाण्यात गायक मधे उभा वाटतो तो असा. मुळात तिथे काहीच नाही, दोन स्पीकरनी मिळून केलेला तो भास आहे.

माझं काय चुकलं ते आता दिसतं. सगळी दिशा दोन स्पीकरमधल्या फरकात साठवलेली. त्यात स्पीकरनी स्वतःचा फरक टाकला, तर रेकॉर्डिंगमधला फरक कुठला आणि स्पीकरचा कुठला हे मेंदूला कळणार कसं? माझा नवीन स्पीकर बारीक आवाज जोरात वाजवायचा आणि मधला आवाज कमी. म्हणून धारदार अक्षरं त्याच्याकडे ओढली गेली आणि बाकीचा आवाज जुन्या स्पीकरकडे. व्हॉल्यूम कमी करून सगळ्या पट्ट्या सारख्या होत नाहीत.

हा प्रयोग तुम्ही आत्ता करू शकता. बऱ्याच फोनमध्ये कॉलचा कानाजवळचा स्पीकरच दुसरा स्टिरिओ स्पीकर म्हणून वापरलेला असतो. तो लहान, खालचा मोठा. फोन आडवा धरून कुणाचं तरी बोलणं लावा. बऱ्याचदा आवाज खालच्या स्पीकरच्या बाजूला झुकलेला जाणवेल. एकाच कंपनीचा, एकाच डब्यातला फोन, तरी जोडी विजोड!

चालत बोलणारी माणसं

पेटंटवर न थांबता ब्लमलाइननं ते करून दाखवलं. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम यांचा वाद्यवृंद मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीची तालीम करत होता, तिथे त्यानं स्टिरिओ रेकॉर्डिंग केलं. १९३५ मध्ये छोट्या चाचणी फिल्म काढल्या. एकीत माणसं स्टेजवर नुसती चालत चालत बोलतात, दुसरीत हेझ स्टेशनवरून आगगाड्या जातात. गोष्ट नाही, हिरो नाही. पण माणूस डावीकडे गेला की आवाज डावीकडे जातो. सिनेमागृहात खटकलेलं त्यानं चार वर्षांत दुरुस्त केलं होतं.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल लॅब्जवालेही याच वाटेनं निघाले होते. एप्रिल १९३३ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात चाललेला वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तो तीन चॅनेलमधून. डावा, मधला, उजवा. तुमच्या ५.१ सेटमधल्या सेंटर स्पीकरचं मूळ शोधायचं तर या प्रयोगाकडे बघावं लागतं. मोठ्या सभागृहात सगळे प्रेक्षक बरोबर मधे बसू शकत नाहीत. बाजूला बसलेल्याला फँटम सेंटरचा भास नीट होत नाही, म्हणून मधे खराखुरा स्पीकर.

ईएमआयला मात्र तेव्हा स्टिरिओत धंदा दिसला नाही. कंपनीनं ब्लमलाइनला टीव्हीच्या कामाला लावलं. २ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीची टीव्ही सेवा सुरू झाली. त्यातली ४०५ रेषांची इलेक्ट्रॉनिक पद्धत ज्या टीमनं बनवली, त्यात ब्लमलाइन होता. त्याच वर्षी त्यानं दोन सारख्या व्हॉल्व्हची जोडी वापरणाऱ्या एका सर्किटचं पेटंट घेतलं. दोघांना सारखंच मिळालेलं ते सोडून देतं आणि फक्त फरक वाढवून पुढे पाठवतं. टेलिफोनच्या तारांची जी गोष्ट वर सांगितली, तीच इथे परत आली. व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आले, पण ही जोडी आजही असंख्य ऑडिओ चिपच्या आत बसलेली आहे.

एक नट

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ब्लमलाइन रडारवर काम करायला लागला. ढग असोत की अंधार, विमानातून खालच्या जमिनीचा नकाशा दाखवणारं एच-टू-एस नावाचं रडार बनत होतं. काम अतिशय गुप्त. ७ जून १९४२ ला त्याची चाचणी घ्यायला तो हॅलिफॅक्स बॉम्बर विमानात बसला. सोबत ईएमआयमधले सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायदेन हे सहकारीही होते.

उजव्या बाजूच्या बाहेरच्या इंजिनाला आग लागली, ती पसरली आणि वेल्श बिक्नर या गावाजवळ विमान कोसळलं. आतले सगळे ११ जण गेले. तपासात कारण निघालं ते अगदी छोटं. इंजिनाच्या एका व्हॉल्व्हवरचा नट तपासणीच्या वेळी नीट आवळला गेला नव्हता. तो सैल झाला, व्हॉल्व्ह तुटला आणि इंधनानं पेट घेतला. ब्लमलाइन ३८ वर्षांचा होता. घरी डोरीन आणि दोन लहान मुलं. नावावर १२८ पेटंट.

आपला असा माणूस गेला हे शत्रूला कळू नये म्हणून मृत्यूची बातमीही दाबून ठेवली गेली. अपघाताच्या जागेवरून त्या रडारचा मुख्य भाग शोधून आणला गेला, काम पुढे चाललं आणि जानेवारी १९४३ च्या शेवटी ते रडार हॅम्बर्गवरच्या हल्ल्यात पहिल्यांदा वापरलं गेलं.

स्टिरिओच्या पेटंटची मुदत वाढवून १९५२ पर्यंत नेली होती. ती संपली आणि त्यानंतर काही वर्षांनी, १९५७-५८ मध्ये, स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. आवाज कोरलेले होते एकाच खाचेच्या दोन भिंतींवर, पेटंटमध्ये लिहिल्यासारखे. आपल्याकडे १९७५ मध्ये 'शोले' ७० मिमी आणि स्टिरिओफोनिक आवाजात आला आणि मोठ्या शहरांतल्या प्रेक्षकांना आवाज पडद्यावर इकडून तिकडे फिरताना ऐकू आला. ब्लमलाइनला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. २०१७ मध्ये त्याला मरणोत्तर टेक्निकल ग्रॅमी मिळाला.

मग माझ्या सेटचं काय केलं?

त्याचा विचार धरून बसलो आणि उत्तर सापडलं, तेही एक रुपया खर्च न करता. माझ्या सेटमधले पुढचे आणि मागचे छोटे स्पीकर एकसारखेच आहेत. मी मागचा एक स्पीकर काढून पुढे डावीकडे लावला आणि सीताबर्डीहून आणलेला मागे टाकला. गायिका परत मधे आली, फाटलेला आवाज जुळला. मागच्या स्पीकरमधून बहुतेक वेळा पाऊस, गर्दी, टाळ्या असलं येतं. तिथे थोडा विजोडपणा खपून जातो.

तुम्ही वेगवेगळ्या ब्रँडचे स्पीकर मिसळणार असाल तर हे लक्षात ठेवा:

१. पुढची डावी-उजवी जोडी एकाच मॉडेलची हवी. एकच ब्रँड पण वेगळं मॉडेल, हेही चालत नाही. डोकं आणि हे दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण करा.

२. सेंटर शक्यतो त्याच जातीचा. तसा मिळत नसेल तर विंडोजच्या स्पीकर सेटअपमध्ये जाऊन सेंटरची खूण काढून टाका. संवाद पुढच्या दोघांत वाटले जातील आणि ब्लमलाइनचा भास कामाला लागेल. एकटे ऐकत असाल तर हे विजोड सेंटरपेक्षा बरं.

३. मागची जोडी दुसऱ्या ब्रँडची चालेल. त्यातही दोघं आपसात सारखे असतील तर उत्तम.

४. सबवूफर कुठल्याही ब्रँडचा चालतो. खूप खालच्या आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही.

५. आवाजाची पातळी कानावर सोडू नका. प्रत्येक स्पीकरमधून एकच चाचणीचा आवाज लावा, बसायच्या जागेवर फोन ठेवा आणि साउंड मीटर ॲपवर आकडा बघा. आकडा खरा की खोटा याला महत्त्व नाही, सगळे सारखे यायला पाहिजेत. एक स्पीकर ८५ डेसिबलचा आणि दुसरा ८८ चा असेल, तर पहिल्याला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट पॉवर लागते.

६. ओहमचा आकडा बघा. सेटचा स्पीकर ४ ओहमचा असेल तर त्याहून कमी ओहमचा लावू नका, ॲम्प्लिफायर तापून जळू शकतो. स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला स्पीकर सबवूफरच्या स्पीकर वायरवर जोडायचा नाही.

७. लाल-काळी वायर उलटी गेली तर एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. बेस गायब होतो आणि मधला आवाज विस्कटतो. ब्रँडला दोष द्यायच्या आधी हे तपासा.

८. एक स्पीकर वायरचा आणि दुसरा ब्लूटूथचा अशी जोडी करू नका. ब्लूटूथचा उशीर १०० मिलिसेकंदांच्याही वर जाऊ शकतो. आपला कान एका मिलिसेकंदाहून कमी फरकावर दिशा ओळखतो हे वर आलंच आहे.

सगळं लावून झालं की एखाद्या माणसाचं नुसतं बोलणं लावा, संगीताशिवाय. डोळे मिटा आणि माणूस कुठे बसलाय ते बोटानं दाखवा. बोट मॉनिटरच्या मधोमध गेलं तर तुमची जोडी जुळली. डावीकडे-उजवीकडे गेलं तर वर जाऊन परत पहिल्या मुद्द्यापासून सुरू करा.